कासव पुरण्याआधी नखाएवढी कातडी जपून ठेवा : कांदळवन कक्षाला खुले पत्र

प्रति,
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, कांदळवन कक्ष, मुंबई
मा. मुख्य वन्यजीव रक्षक, महाराष्ट्र राज्य
तसेच डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे सर्व वनपाल, वनरक्षक आणि कासवमित्र यांस,

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर मेलेलं कासव सापडलं की पुढे काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. गावातून फोन येतो, वनरक्षक पोचतात, कवचाची लांबी-रुंदी मोजली जाते, फोटो निघतात, पंचनामा होतो आणि भरतीच्या रेषेपासून लांब खड्डा खणून कासव पुरलं जातं. शरीर बरं असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदनही करतात. माझी मागणी या सगळ्याच्या अधेमधे बसणारी आहे. पुरण्याआधी मानेजवळची किंवा पुढच्या पराच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाच्या, खोबणीतली नखाएवढी कातडी काढून ठेवा, दोन्ही डोळ्यांचे जवळून फोटो घ्या, आणि पंचनाम्याच्या नमुन्यात ‘गाठी : आहेत / नाहीत / तपासल्या नाहीत’ असा एक रकाना वाढवा. एवढ्यासाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर जरा लांब आहे, आणि ते वाचावं अशी विनंती आहे.

मी मॉलिक्युलर निदानाच्या, म्हणजे डीएनए-आरएनएवरून आजार ओळखणाऱ्या, प्रयोगशाळेत काम करते. माझं रोजचं काम माणसांच्या विषाणूंचं असलं, तरी कासवांच्या एका आजारावरचं संशोधन मी बरीच वर्षं वाचत आले आहे. त्याचं नाव फायब्रोपॅपिलोमाटोसिस. यात कासवाच्या मऊ कातडीवर गाठी येतात : डोळ्याच्या कोपऱ्यात, मानेवर, परांच्या खोबणीत, शेपटीच्या मुळाशी. सुरुवातीला त्या तांदळाएवढ्या, गुळगुळीत असतात. वाढल्या की फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या खडबडीत होतात आणि मोठ्यातल्या मोठ्या एक फुटापर्यंत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जाड झालेल्या बाह्यत्वचेखाली तंतुपेशींची बेसुमार वाढ दिसते. रोगनिदानाच्या भाषेत ही गाठ सौम्य, कारण ती कर्करोगासारखी आजूबाजूच्या ऊतींत घुसत नाही. पण डोळा झाकला गेलेल्या कासवाला खाणं दिसत नाही, परांवर ओझं झालेल्या कासवाला नीट पोहता येत नाही, आणि काही कासवांच्या फुप्फुसांत, मूत्रपिंडांत, हृदयावरही गाठी निघतात. अशा कासवाच्या बाबतीत ‘सौम्य’ या शब्दात काही दिलासा नाही.

हा आजार प्रथम शास्त्रीय लेखनात आला १९३८ साली. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातली, फ्लोरिडातल्या की वेस्टहून आणलेली हिरवी कासवं त्यात होती. हवाईत तो १९५८ मध्ये ओआहू बेटावरच्या कानेओहे उपसागरात नोंदवला गेला. तेव्हा तो दुर्मीळ समजला जाई. १९८० च्या दशकात मात्र फ्लोरिडा आणि हवाई दोन्हीकडे त्याने डोकं वर काढलं. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये पकडून तपासलेल्या अल्पवयीन हिरव्या कासवांपैकी निम्म्यांच्या आसपास कासवांवर गाठी सापडू लागल्या. हवाईत १९८२ ते २००३ या काळात किनाऱ्याला लागलेल्या सुमारे ३,८०० कासवांची नोंद आहे. त्यातल्या २८ टक्के कासवांच्या बाबतीत कारण हाच आजार निघाला. मासेमारीचे गळ, जाळी, बोटींच्या धडका आणि शार्क यांतलं प्रत्येक कारण त्याच्या कितीतरी मागे होतं.

हा २८ टक्क्यांचा आकडा कुठून आला, ते इथे महत्त्वाचं आहे. हवाईत १९८२ पासून किनाऱ्याला लागलेल्या कासवांची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. गाठींना ० ते ३ असे गुण दिले गेले : ० म्हणजे एकही गाठ नाही, ३ म्हणजे भयंकर. त्या वहीमुळेच पुढे लक्षात आलं की १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर तिथे आजार ओसरत गेला. वही नसती तर आजार चढला हेही कळलं नसतं आणि उतरला हेही नाही.

आता विषाणूकडे येते, कारण माझ्या मागणीचं खरं कारण तिथे आहे.

१९९० च्या दशकात फ्लोरिडात एक निर्णायक प्रयोग झाला. गाठी वाटून, त्यांचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून काढला की पेशी आणि जिवाणू मागे राहावेत, आणि तो निरोगी, बंदिस्त वाढवलेल्या हिरव्या कासवांना टोचला. त्यांना गाठी आल्या. म्हणजे कारण गाळणीतून निसटण्याइतकं लहान होतं. पुढे गाठींमध्ये एका हर्पीस विषाणूचा डीएनए सापडला. आज त्याला चेलोनिड हर्पीसव्हायरस ५ म्हणतात. माणसाच्या ओठावर फोड आणणारा हर्पीस ज्या उपकुळातला, त्याच उपकुळातला हा. २०१२ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकक्रम, प्रसिद्ध झाला : सुमारे १ लाख ३२ हजार अक्षरांचा. त्यात काही जनुकं अशी निघाली की या उपकुळातल्या इतर विषाणूंमध्ये ती अपेक्षितच नव्हती. पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटणारी लेक्टिनसारखी प्रथिनं आणि त्या साखळ्यांवर सियालिक आम्ल चढवणारं एक एन्झाइम यांची ही जनुकं. विषाणूने ती कधीतरी यजमानांकडून उचलली असावीत आणि प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी वापरली जात असावीत, असा तर्क आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो.

गंमत अशी की हा विषाणू प्रयोगशाळेत वाढायला वर्षानुवर्षं तयारच नव्हता. साध्या बशीत पसरलेल्या कासवाच्या पेशींत त्याचा डीएनए नुसता पडून राही. २०१७ मध्ये हवाईतल्या संशोधकांनी कासवाच्या तंतुपेशी आणि त्वचापेशी एकावर एक रचून त्रिमितीय कातडी तयार केली, आणि तिथे तो पहिल्यांदा पूर्णपणे वाढताना दिसला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रकात विषाणूची कवचं एका गोळ्याभोवती किरणांसारखी मांडलेली दिसली, चितारलेला सूर्यच. हे चित्र मी अनेकदा उघडून पाहिलं आहे. पण त्यातून निघालेली गोष्ट चित्राहून मोलाची आहे : या विषाणूला वाढायला पूर्ण घडलेली, थरांची कातडी लागते. गाठीचा मोठा भाग असलेल्या तंतुपेशींत तो बहुतेक सुप्त असतो; नवे कण तयार होतात ते वरच्या बाह्यत्वचेत, तेही मोजक्या पेशींत. आणि सगळी कासवं सारखा विषाणू सोडत नाहीत. हवाईतल्या तपासणीत असं दिसलं की थोडीच कासवं भरपूर विषाणू सोडतात आणि त्यात लहान गाठींचा वाटा मोठा असतो. म्हणजे फोटोत सहज दिसणाऱ्या मोठ्या गड्ड्यापेक्षा, लक्षात न येणारी तांदळाएवढी गाठ रोग पसरवायला जास्त कारण होऊ शकते.

मग गाठ वाढवतं कोण? २०१८ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या व्हिटनी प्रयोगशाळेतल्या गटाने गाठींमधला आरएनए वाचला, म्हणजे कोणती जनुकं प्रत्यक्ष चालू आहेत ते पाहिलं. विषाणूची जनुकं जेमतेम कुजबुजत होती. कासवाची स्वतःची जनुकं मात्र जोरात होती. त्यांत डब्ल्यूएनटी नावाचा संदेशमार्ग ठळक होता. गर्भात अवयव घडवताना हा मार्ग लागतो, आणि माणसाच्या कित्येक कर्करोगांत तोच बिघडलेला असतो. कासवाच्या गाठीचं माणसाच्या त्वचेच्या एका कर्करोगाशी साम्य दिसल्यावर त्या गटाने माणसांत वापरलं जाणारं ५-फ्लुरोयुरॅसिल हे औषध, शस्त्रक्रियेनंतर कासवाच्या डोळ्याभोवती मलम म्हणून लावून पाहिलं. तिथल्या गाठी पुन्हा उगवण्याचं प्रमाण कमी झालं. एका कासवाच्या डोळ्यापर्यंत हे ज्ञान पोचलं, ते केवळ कोणीतरी गाठीचा तुकडा वेळेवर नीट जपून ठेवला होता म्हणून.

या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता. हा विषाणू नवा नाही. वेगवेगळ्या महासागरांतल्या विषाणूंचे जनुकक्रम ताडून पाहिले तर त्यांच्या शाखा लाखो वर्षांपूर्वी फुटल्याचं दिसतं. आणि गाठ नसलेल्या, दिसायला धडधाकट कासवांच्या कातडीतही त्याचा डीएनए सापडतो, एकाच नव्हे तर अनेक जातींत. विषाणू जुना, मुकाट, आणि आजाराचा उद्रेक गेल्या काही दशकांतला : म्हणजे मधे काहीतरी बदललं. अंड्यातून निघालेल्या पिल्लांत आणि खोल समुद्रात वाढणाऱ्या लहान कासवांत हा आजार दिसत नाही. गवत आणि शेवाळ खायला ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात येऊ लागली की गाठी येतात. खाड्या, बंदिस्त उपसागर, ज्यांत शेताचं खत आणि शहराचं सांडपाणी उतरतं, तिथे प्रमाण जास्त आढळतं. नायट्रोजन खाऊन फोफावलेल्या शेवाळातलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल विषाणूला फावतं, असा एक सिद्धान्त हवाईतून मांडला गेला. त्यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि मीही तो सिद्ध झालेला मानत नाही. पण उथळ, घाण होत चाललेलं पाणी आणि हा आजार एकत्र दिसतात, हे निरीक्षण मात्र वारंवार आलेलं आहे.

आता आपला किनारा. आपल्याकडे अंडी घालते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले ही कासवाची जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे गावकरी आणि पुढे आपलं खातं यांनी कासव वाचवण्याचं जे काम उभं केलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. घरटी, अंडी, सुटलेली पिल्लं यांचा हिशेब गावोगाव चोख ठेवला जातो. फायब्रोपॅपिलोमाटोसिस हा हिरव्या कासवांचा आजार म्हणून ओळखला जात असला तरी ऑलिव्ह रिडलेही त्यातून सुटलेली नाही. कोस्टा रिकातल्या ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर हजारोंनी अंडी घालायला येणाऱ्या माद्यांत १९९० च्या दशकातच तो तपासून नोंदवला गेला. हिरवी कासवंही आपल्याकडे जाळ्यात सापडतात, जखमी होऊन किनाऱ्याला लागतात. मुंबईपासून खाली येणाऱ्या खाड्यांचं पाणी कसं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. कांदळवनांसाठी तुम्ही रोज त्याच पाण्याशी झगडता. विषाणूच्या दृष्टीने जे लागतं ते सगळं इथे आहे. म्हणून गाठी दिसू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीची स्थिती काय होती याची पक्की नोंद आपल्या हातात असली पाहिजे. ती नोंद मागच्या तारखेने करता येत नाही. पुरलेल्या कासवाचा डीएनए परत मिळत नाही.

नमुना घेणं अवघड नाही, फक्त पद्धत एक हवी. ताज्या कासवाची कातडी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावी. अल्कोहोल हाताशी नसेल तर बारीक मिठात चांगली दाबून, झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवली तरी डीएनए टिकतो. मीठ तर किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात मिळेल. गाठ असेल तर मात्र तिचे दोन तुकडे करावेत : एक अल्कोहोलमध्ये, एक फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावरून पेशींची रचना कळते, पण त्यातला डीएनए तुटतो. नुसत्या फॉर्मॅलिनची बाटली प्रयोगशाळेत आली की आमचे हात बांधले जातात, म्हणून यावर इतका भर देते आहे. गाठीशेजारची निरोगी कातडीही घ्यावी, तुलनेला लागते. प्रत्येक कासवाला नवं ब्लेड आणि नवे हातमोजे. एकाच ब्लेडने दोन कासवं कापली तर एकाचा विषाणू दुसऱ्याच्या बाटलीत जातो आणि आम्ही खोटा निकाल खरा म्हणून देतो. मानेवर किंवा परांखाली बारीक जळवा चिकटलेल्या असतील तर त्या वेगळ्या बाटलीत टाकाव्यात. ओझोब्रँकस गटातल्या या जळवांमध्ये विषाणूच्या डीएनएचा साठा मोठा सापडला आहे आणि रोग पसरवण्यात त्यांचा हात असल्याचा दाट संशय आहे. आरएनएचा मात्र आग्रह धरू नये. उन्हात पडलेल्या शरीरात तो तासाभरात नासायला लागतो. त्यासाठी जिवंत कासवावरची शस्त्रक्रिया आणि नमुना लगेच अतिथंड तापमानाला गोठवण्याची सोय लागते.

तपासणीसाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. २०२० मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत कोविडसाठी आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ‘सीटी व्हॅल्यू किती आली?’ हा प्रश्न तेव्हा कोकणातल्या घराघरांत विचारला जात होता. त्याच जातीच्या यंत्रावर या कासव-विषाणूच्या डीएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमच्या जनुकाचा, म्हणजे यूएल-३० चा, छोटा तुकडा मोजता येतो. माणसांच्या नमुन्यांशेजारी वन्यप्राण्यांचे नमुने चालवणं योग्य नाही हे मान्य. पण ते काम करू शकणारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आपल्याकडे मुंबईत आणि शिरवळला आहेत, आणि हैदराबादला सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची वन्यजीवांसाठीची लाकोन्स ही प्रयोगशाळा आहे. एक अट मात्र लेखी घालावी. प्रत्येक नमुन्यात कासवाचं स्वतःचं एखादं जनुकही सोबत तपासलं गेलं पाहिजे. ते उमटलं नाही, तर डीएनएच कुजलेला आहे आणि विषाणूचा ‘निगेटिव्ह’ निकाल बिनकामाचा. अशा खोट्या निगेटिव्हच्या जोरावर ‘आमच्याकडे आजार नाही’ असा अहवाल निघू नये, याची मला खरोखर काळजी वाटते. पॉझिटिव्ह निकालाचंही तसंच : विषाणू सापडला म्हणजे कासव आजारी होतं असं नाही. पण तो जनुकक्रम वाचला की आपल्या समुद्रातला विषाणू पॅसिफिकच्या शाखेशी जुळतो की अटलांटिकच्या, की वेगळाच आहे, हे कळेल.

कायद्याची बाजू तुमच्याच हातात आहे, म्हणूनच हे पत्र तुम्हाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवं आहेत. मेलेल्या कासवाचा तुकडाही परवानगीवाचून कोणी बाळगू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की तळमळ असलेला कासवमित्र किंवा प्राध्यापक काहीच करू शकत नाही. दर वेळी स्वतंत्र अर्ज, दर वेळी वाट पाहणं, तोवर कासव कुजलेलं. सगळ्या किनारी जिल्ह्यांसाठी, ठरलेल्या अधिकाऱ्यांनी, ठरलेल्या पद्धतीने, मृत कासवांचे नमुने घ्यावेत असा एक कायमस्वरूपी आदेश निघाला तर हा खोळंबा संपेल. केंद्राची मंजुरी लागेल तिथे ती एकदाच, एकत्र मागता येईल.

आणखी एक खजिना तुमच्या कपाटांत पडून आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमारांना २०१८ पासून जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यासाठी ते सोडलेल्या प्राण्याचे फोटो, व्हिडिओ जोडतात. किती सुंदर योजना आहे ही! त्या फाइलींमधली कासवांची चित्रं एखाद्या पशुवैद्यकाने नुसती डोळे आणि माना पाहण्यासाठी परत चाळली, तर जिवंत, पोहत्या कासवांची गेल्या काही वर्षांतली स्थिती डोळ्यांपुढे येईल. कुणाला नव्याने समुद्रात जावं लागणार नाही. पुढच्या अर्जांत ‘डोळा दिसेल असा एक फोटो’ एवढं वाक्य घातलं की झालं. मात्र फोटो नाही म्हणून कुणाची भरपाई अडवू नये. जाळं कापणारा माणूस आधीच नुकसान सोसून बसलेला असतो.

डहाणूच्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी तर याहून सोपा मार्ग आहे. फ्लोरिडात आजारी कासवांच्या टाक्यांतलं नुसतं पाणी गाळून त्यात विषाणूचा डीएनए मोजला गेला, आणि कासवावर गाठी जितक्या जास्त तितका तो जास्त मिळाला. कासवाला हातही लावावा लागत नाही. नवीन कासव आलं की पहिल्या दिवशी आणि सोडण्याआधी एकेकदा त्याच्या टाकीचं पाणी तपासावं. गाठ असलेलं कासव दाखल झालं तर त्याची टाकी, जाळी, बादल्या, पाण्याचा निचरा, सगळं वेगळं. फ्लोरिडात या आजाराची कासवं सरसकट कुठल्याही केंद्रात घेतलीच जात नाहीत, ती याचसाठी. बरं करून सोडलेल्या कासवाबरोबर विषाणू समुद्रात गेला तर केलेल्या सेवेचं मातेरं होईल.

शेवटची एक काळजी आधीच सांगून ठेवते. एखादी गाठ सापडली की ‘कोकणच्या कासवांना कॅन्सर’ अशी बातमी होईल, कासव महोत्सवाला येणारे पर्यटक घाबरतील, कोणीतरी मच्छीमारांना दोषी धरेल. या विषाणूची माणसाला लागण झाल्याचा पुरावा नाही. हातमोजे घालायचे ते स्वच्छतेसाठी आणि नमुना शुद्ध राहावा म्हणून. हे आधीपासून गावागावांत सांगितलं तर बातमी आली तरी गोंधळ उडणार नाही. निकाल दडवून मात्र ठेवू नयेत. वर्षातून एकदा, किती कासवं लागली, किती तपासली, किती नमुन्यांत डीएनए चांगला निघाला आणि किती नमुन्यांत विषाणू मिळाला, एवढे चार आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील अशा भाषेत जाहीर व्हावेत. ज्यांनी पहाटे उठून ते कासव शोधलं, त्यांना ते कळण्याचा पहिला हक्क आहे.

नमुना घेण्याच्या पद्धतीचा दोन पानांचा मराठी मसुदा आणि पंचनाम्यात घालायच्या रकान्याचा नमुना मी तयार केला आहे. किनारी वनरक्षकांना आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना ही पद्धत प्रत्यक्ष हातात बाटली देऊन शिकवायला मी आणि माझे काही सहकारी स्वखर्चाने येऊ. जून उजाडला की किनाऱ्याला लागणाऱ्या कासवांची संख्या वाढते. आदेश त्याआधी निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
मॉलिक्युलर निदान प्रयोगशाळेतली एक कार्यकर्ती